बाई सातला घरी, फोन रात्रपाळीत

अगं, तीजेच्या आदल्या रात्री तू करूभात खायला आलीस ना, तेव्हा मी मोजत होते. ताटात कारल्याची भाजी आणि भात, बाकी काही नाही. तेवढं संपेपर्यंत नऊ वेळा तू फोन पालथा घातलास आणि नऊ वेळा उताणा केलास. आईनं विचारलं, "कारलं फार कडू झालंय का गं?" तू म्हणालीस, "नाही, बिलेट अडकलंय." बिलेट म्हणजे पोलादाचा ओतीव ठोकळा, हे आईला माझ्या चोवीस वर्षांच्या नोकरीत कळलं नाही, ते तुझ्या चार महिन्यांत काय कळणार! पण तिनं मान डोलावली. तू गेल्यावर मला म्हणाली, "हिला बघ जरा."

म्हणून हे सगळं लिहितेय. रागावून नाही. तू प्लँट हेड झालीस तेव्हा तात्यापाऱ्यात पेढे मीच वाटले होते.

उरल्याच्या कारखान्यापासून तात्यापारा तो किती लांब! बिरगाव, भनपुरी, खमतराई, फाफाडीह, की आलंच घर. ट्रकांची रांग लागली तरी तासाभराचा रस्ता. तरी तुला माहेरी यायला तीज उजाडावी लागली. गावाचं नाव उरला, आणि संध्याकाळी अंगात काही म्हणजे काही उरत नाही, हा विनोद मी तिथे पहिल्याच वर्षी केला होता. आमच्या प्रयोगशाळेतल्या पोरांना मराठी येत नसल्यानं तो वाया गेला. तुझ्यासाठी राखून ठेवला होता असं समज.

मी तिथे लागले तेव्हा कारखान्यात बायका होत्या कुठे? ऑफिसात दोन, झाडलोटीला चार आणि मी. रायपूरच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून धातुशास्त्र शिकून आलेली. आज ते एनआयटी आहे, पण 1956 मध्ये ते सुरूच झालं खाणकाम आणि धातुशास्त्राचं कॉलेज म्हणून. आमच्या वर्गात मुली मोजून तीन. 1948 च्या कारखाना कायद्यानं बायकांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात याबाहेर कारखान्यात काम नव्हतं. आमच्या साहेबांनी तोच नियम मला लावला. सात वाजले की वॉचमन गेटवरून फोन करायचा, मॅडम गाडी लागली. मला वाटायचं, काय नशीबवान आहे मी!

मग मोबाइल आला. बाई सातला घरी आणि फोन रात्रपाळीत, अशी माझी सतरा वर्षं गेली. मी घरी पोळ्या लाटत असायचे आणि भट्टीवर काय टाकायचं ते इथून सांगायचे. न बघता. ज्वाळेचा रंग न बघता, स्लॅग न बघता, समोरच्या माणसाचा चेहरा न बघता. आणि याचा मला अभिमान होता बरं का. माझ्यावाचून हीट, म्हणजे भट्टीतल्या रसाची एक खेप, उतरत नाही, असं चारचौघांत सांगायचे. आज वाटतं, हे सांगण्यासारखं नव्हतंच. माझ्यावाचून हीट उतरत नसेल तर मी माणसं तयार केली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

आता एक गोष्ट सांगते. ही मी घरात कुणाला सांगितलेली नाही, तुझ्या भावजींनाही नाही.

2011 चा उन्हाळा. फोनवर एका ठेकेदारावर मी ओरडत होते, स्क्रॅपच्या ट्रकवरून. प्रयोगशाळेच्या काचेबाहेर सॅम्पल तपासणारा पोरगा हातात चिठ्ठी घेऊन उभा होता. तो मला दिसला. मी हातानं ‘थांब’ अशी खूण केली आणि तो थांबला. फोन संपला, दुसरा आला. चाळीस मिनिटं तो पोरगा तिथेच, चिठ्ठीची घडी घालतोय, उघडतोय. चिठ्ठीत फॉस्फरस होता. सळईला मर्यादा 0.055 टक्के, आणि तो वर गेला होता. तुला माहीत आहेच, आपल्या इंडक्शन भट्टीत सिलिकाचं अस्तर, तिथे फॉस्फरस काढता येत नाही. बरं स्पंज आयर्न, बरं स्क्रॅप घालून पातळ करायचा, एवढाच उपाय, तोही माल भट्टीत असेपर्यंत. चाळीस मिनिटांत हीट उतरली होती. बिलेटं पडली होती. अख्खी हीट बाजूला काढावी लागली.

मी त्याला विचारलं, ओरडूनच विचारलं, काच का नाही वाजवली? तो म्हणाला, "आप गुस्से में थीं मैडम."

शेजारी आमचा जुना फोरमन उभा होता, धरसीवाकडचा. त्यानं पोराला मागे सारलं आणि डबा पुढे केला. पितळी डब्यात बासी, वर कांदा, हिरवी मिरची. "पहिली खा ले मैडम, तहाँ गोठियाबे." आधी खा, मग बोल. छत्तीसगढीत गप्पांना ‘गोठ’ म्हणतात, आपल्या ‘गोष्टी’चीच बहीण असावी. उभ्या उभ्या मी चार घास खाल्ले. गार भात, आंबूस पाणी, त्या भट्टीच्या झळीत. 2022 मध्ये सरकारनं 1 मेला सगळ्यांनी बोरे बासी खावी असं आवाहन केलं आणि अधिकाऱ्यांचे फोटो पेपरात आले, तेव्हा मला तो डबा आठवला. फोरमनला फोटो काढून घ्यायचा नव्हता. त्याला मला गप्प करायचं होतं.

त्या दिवशी मला एक कळलं, आणि तेच तुला सांगायचंय. आपल्याला वाटतं, ताण माझा आहे, मी सोसते, कुणाला काय त्याचं? तसं नसतं गं. तू गेटमधून आत येतेस तेव्हा वॉचमनपासून सगळे तुझा चेहरा वाचतात. आज मॅडमला काय सांगायचं आणि काय नाही ते तिथेच ठरतं. तुझं डोकं तापलेलं असलं की वाईट बातमी उशिरा येते. कापडाच्या दुकानात बातमी उशिरा आली तर नुकसान होतं. तुझ्याकडे सोळाशे अंशांचा रस आहे. अस्तर झिजलं आणि रस पाण्याच्या कॉइलपर्यंत पोचला तर काय होतं ते तुला मी सांगायला नको. गळतीचा मीटर हलला हे ज्यानं आधी पाहिलं, त्यानं तुला दोन मिनिटांत सांगायला हवं. मॅडमचा मूड बघून नाही.

भट्टीवरचा खडूचा फळा बघ कधी नीट. अस्तराची कितवी हीट ते तिथे लिहितात. ठरलेला आकडा आला की भट्टी बंद, जुनं अस्तर फोडायचं, नवं रॅमिंग मास भरायचं, सिंटरिंग करायचं. उत्पादन बुडतं, मालक कुरकुरतात, पण भट्टी नाजूक आहे असं कुणी म्हणत नाही. स्वतःच्या नावाचा फळा मात्र आपण टांगत नाही.

तू म्हणशील, ताई, पण काम तर संपत नाही. खरंय. बघ, कायद्यानं कामगाराला आठवड्याचे 48 तास बांधून दिले, वर गेलं तर दुप्पट दरानं ओव्हरटाइम. देखरेखीतल्या आणि व्यवस्थापनातल्या माणसाला त्या कुंपणाबाहेर ठेवलं. तास मोजायचे नाहीत, पण अपघात झाला की पहिली नोटीस तुझ्याच नावावर. या नावाच्या ओझ्याबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या मते खरी झोप त्यानंच उडते, कामानं नाही. आणि मोठ्या कंपनीचे साहेब आठवड्याला 90 तास काम करा म्हणून सांगून गेले. त्यांच्या घरी ताट कोण वाढतं ते मला विचारायचंय एकदा.

तू दिवसाचे बारा तास, आठवड्याचे सहा दिवस तिथे असतेस. झाले बहात्तर, फोन वेगळा. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून हिशेब मांडला. आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्याला 35-40 तासवाल्यापेक्षा पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त, हृदयविकारानं मरण्याचा 17 टक्क्यांनी. 2016 या एकाच वर्षात अशा कामानं 7 लाख 45 हजार माणसं गेली. घाबरवायला सांगत नाही. माझा रक्तदाब 160 वर गेला होता आणि दोन वर्षं मी ॲसिडिटीच्या गोळ्या खात होते, म्हणून सांगते. तू वर्षात एकदाही बीपी मोजलेलं नाहीस. नाही ना? मला माहीत होतं.

आणखी एक. त्या रात्री जेवताना तू म्हणालीस, "इथले लोकच तसे आहेत ताई, सांगून उपयोग नाही." ते ऐकून मला कारल्यापेक्षा कडू लागलं. हे तुझं बोलणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये कामानं जळून जाण्याची तीन लक्षणं सांगितली: दमणं, कामाबद्दल मन उडणं आणि तुसडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. दमणं सगळ्यांना दिसतं. तुसडेपणा आपला आपल्याला दिसत नाही, दुसऱ्यानं सांगावा लागतो. मी सांगितला.

मग करायचं काय? मी काय केलं ते सांगते. सगळं तुला जमेलच असं नाही.

रात्री मला उठवायचं कशासाठी, ते मी एका कागदावर लिहून शिफ्ट इनचार्जच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं. कुणाला इजा झाली तर. आग किंवा भट्टीतून गळती झाली तर. वीज इतका वेळ गेली की रस गोठायला लागला तर. बाकी काहीही असो, तुम्ही ठरवा, सकाळी सांगा, चुकलात तर मी ओरडणार नाही. शेवटचं वाक्य सगळ्यांत अवघड, कारण ते पाळावं लागतं. पहिल्याच आठवड्यात एकानं चूक केली. दोन टन माल परत वितळवावा लागला. मी गप्प बसले. आतून उकळत होते, पण गप्प बसले. त्यानंतर रात्रीचे फोन खरोखर कमी झाले. मॅडम शब्द पाळते, हे त्यांनी पाहिलं होतं.

तो व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे ना, दर तासाला टनेज टाकणारा, त्याचा आवाज बंद कर. तासाचं टनेज बघून रात्री अकरा वाजता तू काय करणार आहेस?

दुपारी बसून जेव. कॅबिनमध्ये नाही, कँटीनमध्ये, सगळ्यांत. तिथे न विचारता जे कळतं ते मीटिंगमध्ये कळत नाही.

निघायच्या आधी दहा मिनिटं वहीत लिही: आज काय राहिलं, उद्या आधी काय. वहीतच, फोनमध्ये नाही. लिहिलं की ते वहीत राहतं, तुझ्याबरोबर फाफाडीहच्या सिग्नलला उभं राहत नाही.

आणि तुझ्या धंद्याबाहेरचं एक माणूस ठेव. मला ते महाराष्ट्र मंडळात मिळालं. 1935 पासूनचं मंडळ आपलं, पण मी तिथे गणपतीला सोडून कधी गेले नव्हते. एका बाईंशी ओळख झाली, संगीत शिकवायच्या. त्यांना बिलेटशी घेणंदेणं नव्हतं. ‘आज फार वाईट दिवस गेला’ म्हटलं की त्या विचारायच्या, "चहा टाकू?" बस. मला सल्ला नकोच होता.

कंपनी वर्षातून एकदा रविवारी हॉटेलात योगाचं शिबिर ठेवते, तणावमुक्तीचं. जा हवं तर. पण सुट्टीचा एकुलता एक दिवस घेऊन तणाव कसा घालवायचा हे शिकवणाऱ्यांबद्दल माझं मत तू विचारू नकोस.

झोप आठवडाभर आलीच नाही, पहाटे छाती धडधडून जाग आली, सगळं सोडून कुठेतरी निघून जावं असं वाटलं, तर मला फोन कर, आणि डॉक्टरकडे जा. मध्यरात्री मला उठवायचं नसेल तर 14416 लाव. टेलिमानस म्हणून सरकारची सेवा आहे, 2022 पासूनची, फुकट, चोवीस तास. त्या नंबरला लाजायचं कारण नाही. भट्टीचा मेकॅनिक बोलवायला लाजतेस का तू?

गच्चीवर कपडे वाळत घातले की अजूनही काळी काजळी बसते. तुळशीची पानं मी रोज ओल्या फडक्यानं पुसते. आई म्हणते, ही सगळी तुम्हा दोघींच्या कारखान्यांची. आपण दोघींनी तिथलंच खाल्लंय, तेव्हा मी काही बोलत नाही, फडकं पिळते.

शनिवारी चार वाजता मी तुझ्या गेटवर येते. आधी बीपी मोजून घेऊ, मग घरी. येण्याजाण्याच्या रजिस्टरात माझं नाव लिहून ठेव, नाहीतर तुझा वॉचमन मला आत सोडणार नाही. आणि तो कागद लिहून आण, काचेखाली ठेवायचा. मला बघायचाय.