आईची पाळी आणि शेजारच्या केंद्राची साथ

लहान मूल चोवीस तास एकटीने सांभाळणारी आई आतून थकते. झोप पुरत नाही, जेवण वेळेवर होत नाही, चिडचिड वाढते. नर्स म्हणून मी अशा कितीतरी आया पाहिल्या. तिला औषधाआधी दोन तासांची मोकळीक हवी असते.

न्यूझीलंडमधल्या आयांनी ही मोकळीक स्वतः मिळवली. १९४१ साली महायुद्ध चालू होते, अनेक घरांतले पुरुष लढाईवर गेले होते. तेव्हा वेलिंग्टन शहराच्या करोरी भागात ‘प्लेसेंटर’ सुरू झाले. काही आया पाळीने सगळ्यांची मुले खेळवत, बाकीच्यांना तेवढा वेळ मोकळा मिळे. आजही तिथली प्लेसेंटरे आईबापच चालवतात.

यात एक मोठी अडचण होती. तिथे मूल साधारण पाच वर्षांचे झाले की शाळेत जाते. त्याच्याबरोबर शिकून तयार झालेली आईही केंद्रातून जाते. नव्या आयांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. केंद्र एकटे असेल, तर दोन-तीन जाणत्या आया एकदम गेल्या की ते कोलमडते.

म्हणून जवळजवळच्या केंद्रांनी आपले संघ बांधले. १९४८ मध्ये या संघांचा देशभराचा महासंघ झाला. ग्वेन सॉमरसेट त्याच्या पहिल्या अध्यक्षा. आईबापांना शिकवण्याची जबाबदारी संघांनी घेतली. त्यामुळे एक आई गेली तरी तिचे ज्ञान संघात राहत असे.

आरोग्यासाठीही अशी जोडणी मोलाची आहे. गोवराचेच पाहा. अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून तो पसरतो. पुरळ दिसेपर्यंत ते मूल इतरांत खेळून गेलेले असते. म्हणून आईबाप मिळून मुले सांभाळत असतील, तिथे एवढे ठरवून घ्यावे:

१. ताप, पुरळ, उलट्या किंवा जुलाब असलेले मूल घरी ठेवावे. उलट्या-जुलाब थांबल्यावर ४८ तासांनीच पाठवावे.
२. गोवराचा संशय आला, तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवावे आणि शेजारच्या केंद्रालाही निरोप द्यावा.
३. प्रत्येक मुलाच्या लसींची नोंद वहीत ठेवावी.
४. पाळीची आई आजारी पडली, तर शेजारच्या केंद्रातून कोण येईल, हे आधीच ठरवावे.

आजार लपवला तर तो दुसऱ्याच्या घरी जातो. वेळेवर सांगितला तर दुसऱ्याचे मूल वाचते.