वंशावळ : सांगायची आणि सिद्ध करायची



गेल्या सत्रात आपण नात्यांचे शब्द शिकलो. वडिलांचे वडील आजोबा, आजोबांचे वडील पणजोबा, पणजोबांचे वडील खापरपणजोबा. रोजच्या मराठीतली शब्दांची शिडी साधारण इथे संपते, आणि बहुतेक घरांतली माहितीही इथेच संपते. या अंकाचा पाठ त्यापुढच्या पायऱ्यांचा आहे. आपण राहतो त्या अमेरिकेत काही संस्था अशा आहेत की नुसती वर्गणी भरून तिथे सभासद होता येत नाही. आपण कोणाचे वंशज आहोत ते कागदोपत्री सिद्ध करावे लागते.

यांतली सर्वांच्या ऐकण्यातली संस्था म्हणजे 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन', थोडक्यात डी.ए.आर. तिची स्थापना १८९० साली वॉशिंग्टनला झाली. आदल्याच वर्षी पुरुषांची 'सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' निघाली होती. त्यांनी बायकांना सभासद करून घ्यायचे नाकारले, तेव्हा बायकांनी आपली स्वतंत्र संस्था काढली. पहिल्या अध्यक्षा होत्या कॅरोलाइन हॅरिसन, म्हणजे त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या पत्नी. १८९५ साली मुलामुलींसाठी 'चिल्ड्रन ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' सुरू झाली. १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून १०२ प्रवासी आले, त्यांच्या वंशजांची संस्था १८९७ सालची आहे. सगळ्यांचे नियम वेगवेगळे, पण कसोटी एकच. आपण डी.ए.आर.चेच उदाहरण घेऊ.

नियम ऐकायला सोपा आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेली कोणतीही स्त्री, मग ती कोणत्याही वर्णाची वा धर्माची असो, सभासद होऊ शकते. मात्र तिच्या थेट पूर्वजांपैकी कोणीतरी १७७५ ते १७८३ या काळात अमेरिकेच्या स्वातंत्र्याला मदत केलेली असली पाहिजे. मदत म्हणजे बंदूकच हवी असे नाही. सैन्याला धान्य किंवा गुरे पुरवली, नव्या सरकारशी निष्ठेची शपथ घेतली, गावच्या समितीत काम केले, तरी चालते. नाते मात्र रक्ताचे लागते. आपल्याकडे दत्तक मुलगा दत्तक घराच्याच वंशावळीत लिहितात. इथे ते चालत नाही.

(जाता जाता एक गंमत. १७७५ ते १७८२ या काळात मराठेही इंग्रजांशीच लढत होते. पहिले इंग्रज-मराठा युद्ध ते हेच. १७७९ साली वडगावला इंग्रजी फौजेची कोंडी झाली आणि १७८२ साली सालबाईचा तह झाला. तेव्हा आपल्या वर्गातल्या मुलांचेही कोणी पूर्वज त्याच वर्षांत त्याच शत्रूसमोर उभे असतील. पुण्याच्या पेशवे दप्तरात त्या काळचे मोडीतले कागद गठ्ठ्यांनी पडून आहेत.)

आता थोडे गणित. ४ जुलै २०२६ हा अमेरिकेच्या स्वातंत्र्यघोषणेचा अडीचशेवा वाढदिवस. १७७६ साली पंचवीस-सव्वीस वर्षांचा असलेला सैनिक १७५० च्या सुमारास जन्मला असणार. २०१५ साली जन्मलेल्या मुलीपासून मागे जायचे आणि एका पिढीला तीस वर्षे धरायची, तर त्याच्यापर्यंत पोचायला साधारण नऊ पिढ्या होतात. आईवडील दोन, आजीआजोबा चार, त्यामागे आठ, असे दुप्पट करत गेलात की नवव्या पिढीत ५१२ माणसे येतात. करून पाहा! या ५१२ जणांपैकी एकच देशभक्त सापडला तरी पुरतो. तो आईकडून असो वा वडिलांकडून, मधली वाट मुलींकडून जावो वा मुलांकडून, काही फरक पडत नाही.

आपल्या वर्गातल्या काही मुलांची आई किंवा वडील इथल्या जुन्या घराण्यातले आहेत. त्यांच्यापैकी एखादीने मोठेपणी अर्ज करायचे ठरवले, तर काय होईल? ती जवळच्या शाखेत जाईल. तिथल्या अनुभवी बाया तिला अर्ज भरायला मदत करतील. अर्जात स्वतःपासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जायचे आणि प्रत्येक जोडप्याचा जन्म, लग्न आणि मृत्यू, तारीख आणि गावासकट लिहायचा. तो अर्ज वॉशिंग्टनला गेला की तिथले वंशावळीचे जाणकार ओळ न् ओळ तपासतात. त्याच देशभक्ताच्या दुसऱ्या एखाद्या वंशजाने आधी पुरावे दिलेले असले, तर आपली साखळी तिच्या साखळीला जोडून देता येते, तेवढे काम वाचते. डी.एन.ए.ची चाचणी मात्र एकटी पुरत नाही. तिच्यावरून नाते आहे एवढे कळते, पण मधली माणसे कोण होती ते कळत नाही.

खरी अडचण तारखांची नसते, ती दुव्याची असते. अमुक जॉन १७८० साली जन्मला आणि १८५० साली वारला, हे दोन्ही कागद मिळतात. पण आपल्या साखळीतल्या मेरीचा बाप तो हाच जॉन कशावरून? त्याच तालुक्यात त्याच नावाचे आणखी तीन जॉन असतात. "आमच्या घरात तसे सांगत आले आहेत" या उत्तराला तिथे किंमत नाही. सांगणे आणि सिद्ध करणे यांत फरक आहे तो इथे.

मग पुरावे आणायचे कुठून? सरकारी जन्मदाखले बहुतेक राज्यांत विसाव्या शतकाच्या आसपासच नियमित झाले. त्याआधीचे काम चर्चच्या नोंदी, मृत्युपत्रे, जमिनीची खरेदीखते आणि थडग्यांवरचे लेख यांवर चालते. शिवाय दर दहा वर्षांची जनगणना आहे. ती १७९० साली सुरू झाली, पण १८४० पर्यंत तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत, बाकीच्यांची नुसती संख्या. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव आले आणि १८८० पासून प्रमुखाशी नाते काय तेही आले. १८९० ची बहुतेक पाने १९२१ च्या आगीत आणि त्यानंतर गेली. वंशावळ शोधणाऱ्या माणसापुढे '१८९०' म्हणा, तो सुस्कारा टाकेल.

आम्हांला सर्वांत आवडलेला पुरावा वेगळाच आहे. स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना पुढे पेन्शन मिळू लागले, पण आपण त्याची लग्नाची बायको आहोत हे त्यांना दाखवावे लागे. लग्नाचा दाखला कुठला असायला! घरच्या बायबलमध्ये मात्र जन्म, लग्ने, मृत्यू लिहून ठेवायची पद्धत होती. मग काही म्हाताऱ्यांनी ती पाने बायबलमधून फाडून सरकारकडे धाडली. ती पाने आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कोणा शेतकऱ्याच्या बायकोने हाताने लिहिलेली मुलांची नावे आज तिच्या सातव्या-आठव्या पिढीच्या उपयोगी पडतात.

पण कागद सगळ्यांना सारखे वागवत नाही. स्वातंत्र्ययुद्धात हजारो काळे सैनिकही लढले. त्यांच्या वंशजांनी आपली साखळी कशी जोडायची? १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची यादी वेगळी केली होती. तिच्यात मालकाचे नाव आहे, आणि गुलामाचे फक्त वय, लिंग आणि रंग. नाव नाही. गुलामीतून सुटलेली माणसे जनगणनेत नावानिशी पहिल्यांदा दिसतात ती १८७० साली. त्याच्या मागे बहुतेकांना भिंत लागते.

यात कागदाचा दोष अर्धाच, बाकीचा माणसांचा. १९३९ साली डी.ए.आर.ने आपल्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये मॅरियन अँडरसन या थोर गायिकेला गाऊ दिले नाही, कारण ती काळी होती. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला. ९ एप्रिल १९३९ ला अँडरसन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायली आणि ऐकायला सुमारे ७५,००० माणसे जमली. डी.ए.आर.ची पहिली ज्ञात काळी सभासद झाली ती १९७७ साली, डेट्रॉइटची कॅरेन बॅचलर फार्मर. तिनेही एकेक दुवा कागदाने जोडून दाखवला होता. पुढे संस्थेनेच शोध घेऊन काळ्या आणि मूळ अमेरिकन देशभक्तांच्या नावांचा ग्रंथ काढला. २००८ च्या आवृत्तीत साडेसहा हजारांहून अधिक नावे आहेत. उशिराच, पण काम चोख केले आहे असे आमचे मत.

आता आपल्या घराकडे वळू. हाच अर्ज मराठी कुटुंबाला भरायचा झाला तर?

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. आपल्या नावातच वडिलांचे नाव असते. 'विठ्ठल रामचंद्र' म्हटले की दोन पिढ्यांचा दुवा आयता मिळाला. पण नातवाला आजोबांचे नाव ठेवायची चाल असल्यामुळे साठ वर्षांनी त्याच गावात पुन्हा 'विठ्ठल रामचंद्र' जन्मतो, आणि कुठला कागद कोणाचा हे ठरवताना पंचाईत होते. जन्मतारखेचे तर विचारूच नका. कितीतरी आजोबांचा वाढदिवस शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहून टाकली.

कागद मात्र आहेत. अनेक घराण्यांचे छापील कुलवृत्तांत आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कोण, कोणाचा मुलगा, कोणत्या गावाहून आला ते लिहिलेले असते. ज्या घरांत लिहिणे-वाचणे उशिरा आले त्यांचे कुलवृत्तांत नाहीत, पण सरकारी दप्तर आहे. गावची जन्ममृत्यूची नोंदवही, म्हणजे कोतवाल बुक. शाळेचे जनरल रजिस्टर. जमिनीचे फेरफार, ज्यांत खातेदार वारला की वारसांची नावे चढतात. २०२३ पासून महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा मोठा शोध सुरू झाला, तेव्हा अशाच जुन्या वह्या उघडाव्या लागल्या आणि मोडी वाचणारी माणसे शोधून आणावी लागली.

आणि बायका? कुलवृत्तांतात मुलगी लग्न होऊन गेली की तिची फांदी बहुधा तिथेच थांबते. सासरी तिचे पहिले नावही पुष्कळदा बदलत. माहेरच्या गावातली नोंद 'कृष्णा' आणि सासरच्या रेशनकार्डावर 'लक्ष्मीबाई' असेल, तर दोघी एकच हे कुठल्या कागदावर आहे? बहुतेक वेळा कुठल्याच नाही. ते फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते. एक कागद मात्र शोधून पाहण्यासारखा आहे, हक्कसोडपत्र. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क बहिणींनी भावांसाठी सोडला की त्या कागदावर सगळ्या बहिणींची नावे, वडिलांच्या आणि नवऱ्याच्या नावासकट येतात. हक्क गेला त्याच कागदावर नाव राहिले!

अमेरिकन चाळणी लावली, तर आपल्यापैकी बहुतेकांची साखळी पणजीपाशी तुटेल. पणजोबांपाशी नव्हे, पणजीपाशी. ती जोडून देणारी माणसे आज फोनच्या पलीकडे आहेत, आणि त्यांतली कित्येक ऐंशीच्या पुढे गेली आहेत.

म्हणून या वेळचा गृहपाठ लांबवर टाकू नका. वहीच्या आडव्या पानावर स्वतःचे नाव लिहा आणि मागे पणजोबा-पणजीपर्यंत जा. चार पणजोबा आणि चार पणज्या, आठही रकाने काढा. प्रत्येक बाईचे माहेरचे नाव, सासरचे नाव, माहेरचे गाव आणि तिच्या वडिलांचे नाव विचारा. माहिती ऐकलेली असेल तर नावापुढे 'ऐ' लिहा आणि कोणी सांगितली त्याचे नाव व तारीख टाका. कागद पाहिला असेल तर 'का' लिहा आणि कोणता कागद ते लिहा. रकाना रिकामा राहिला तर तसाच राहू द्या, अंदाजाने भरू नका. लहान गटाने आजी-आजोबांपर्यंत केले तरी पुरे. पालकांनी फोन लावून द्यावा, पण प्रश्न मुलांनीच मराठीतून विचारावेत.

जुने कागद सापडले तर त्यांना सेलोटेप लावू नये आणि ते लॅमिनेटही करू नयेत. मोडीतला कागद असेल तर फेकू नका. आपल्याला वाचता येत नसला तरी वाचणारे आहेत. वर्गात आणताना झेरॉक्सच आणावी, मूळ कागद घरीच ठेवावा.