हाती नसलेल्या मालाची विक्री : ‘लाँग’ आणि ‘शॉर्ट’ व्यवहारांचा शरई विचार

शेअर बाजारातील ‘लाँग’ आणि ‘शॉर्ट’ हे दोन शब्द आज आपल्या घरातील तरुणांच्या मोबाइलवर सर्रास दिसतात. ते हलाल की हराम, असा प्रश्न जुम्याच्या नमाजनंतर वारंवार विचारला जातो. हुकूम सांगण्यापूर्वी व्यवहाराचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे.

आधी खरेदी आणि मग विक्री, याला ‘लाँग’ म्हणतात. ५०० रुपये भावाचे १०० शेअर घेतले तर ५०,००० रुपये गुंततात. भाव वाढला तर नफा. आणि कंपनी पूर्ण बुडाली तरी ५०,००० रुपयांपलीकडे तोटा जात नाही. ‘शॉर्ट’मध्ये हा क्रम उलटा असतो. भाव उतरेल या अंदाजाने, जवळ नसलेले शेअर आधी विकायचे आणि नंतर स्वस्तात घेऊन भरपाई करायची. ५०० ला विकून ४५० ला घेतले तर ५,००० रुपये सुटतात. मात्र भाव ६०० झाला तर १०,००० रुपये पदरचे जातात, आणि भाव किती चढावा याला वरची मर्यादाच नसल्याने तोट्यालाही ती नाही.

आता हदीसकडे वळू. हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी अल्लाहच्या प्रेषितांना (सल्ल.) विचारले की, गिऱ्हाईक माझ्याकडे नसलेली वस्तू मागते, मी ती त्याला विकून मग बाजारातून आणून देऊ का? जे तुझ्यापाशी नाही ते विकू नकोस, असा आशय प्रेषितांच्या (सल्ल.) उत्तराचा आहे. ही हदीस तिर्मिजी व अबू दाऊद यांच्या संग्रहांत आहे. ‘शॉर्ट’ करणारा नेमके हेच करतो. हकीम (रजि.) यांच्या गिऱ्हाइकाला निदान ती वस्तू खरोखर हवी होती!

कोणी म्हणेल, शेअर उसने घेऊन विकले तर? त्या उसनवारीवर ठरलेले शुल्क द्यावे लागते, आणि कर्जावर ठरवून घेतलेली वाढ हे व्याजच होय. कोणी ‘सलम’चा दाखला देतात. सलममध्ये पूर्ण किंमत आगाऊ दिली जाते, वस्तूचे माप व मुदत ठरलेली असते. फ्यूचर्समध्ये किंमत आगाऊ दिली जात नाही आणि मालही नंतरच द्यायचा असतो. दोन्ही बाजू उधार. निर्देशांकाच्या फ्यूचर्समध्ये तर केवळ फरकाची रक्कम हात बदलते. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९२ च्या ठरावात मालकीत नसलेल्या शेअरची विक्री नाजायज ठरवली आहे.

म्हणून ‘लाँग’ आपोआप जायज ठरते असे नाही. कंपनीचा धंदा दारूचा वा व्याजाचा असेल, किंवा ब्रोकरच्या व्याजी पैशांवर खरेदी केली असेल, तर ती नाजायजच. सकाळी घेतलेला शेअर दुपारी विकण्याचा प्रश्नही येथेच येतो. भारतात जानेवारी २०२३ पासून सर्वसाधारणपणे खरेदीच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी शेअर डीमॅट खात्यात जमा होतात. त्याआधी विकणे म्हणजे कब्ज्यापूर्वी विकणे, असे अनेक उलमांचे मत आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी कब्ज्याच्या अटीतून जमिनीला सवलत दिली. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव ज्या शाफई मजहबचे आहेत, त्यात तेवढीही सवलत नाही.

दुनियेच्या हिशेबानेही पाहावे. ‘सेबी’च्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स व ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. त्यात कित्येक घरांची मुलांच्या शिक्षणाची पुंजी गेली असेल.

भाव उतरेल असे वाटत असेल तर जवळचे शेअर विकावेत. त्यात काहीच गैर नाही. खरेदी करताना अ‍ॅपमध्ये ‘इंट्राडे’ऐवजी ‘डिलिव्हरी’ निवडावे, रक्कम स्वतःची पूर्ण भरावी, आणि शेअर डीमॅटमध्ये जमा झाल्याचे पाहूनच विक्रीचा विचार करावा.