कडेवरची अक्षरे वाचा

एखादी मोठी घटना लोकांच्या ध्यानात राहावी म्हणून पदक पाडतात. त्याला स्मृतिपदक म्हणतात. नाणे बाजारात चालते, स्मृतिपदक चालत नाही. ते जपून ठेवायचे असते.

अशा एका पदकाची हकिकत ऐका. १७७६ साली अमेरिकेने इंग्रजांचे राज्य झुगारले. लढाई आधीच जुंपली होती. साराटोगा येथे १७७७ साली आणि यॉर्कटाउन येथे १७८१ साली इंग्रजांच्या दोन फौजा शरण आल्या. तेव्हा अमेरिकेचे वकील बेंजामिन फ्रँकलिन पॅरिसला होते. पदकाची कल्पना त्यांची. ठसे कोरले ड्युप्रे या कारागिराने. १७८३ साली पदक निघाले. एका बाजूस मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवी. दुसऱ्या बाजूस तान्हा हर्क्युलिस दोन हातांत दोन साप आवळतो आहे. साप म्हणजे त्या दोन फौजा. झेप घेणारा सिंह म्हणजे इंग्लंड. ढाल पुढे करून त्याला अडवणारी देवी म्हणजे फ्रान्स.

अस्सल पदके थोडी, आणि फार महाग. म्हणून पॅरिसच्या टांकसाळीने पुढे त्याच्या नकला काढल्या. हौशी लोक चांदीची नक्कल घेतात. त्यात कमीपणा नाही. इतिहास हातात येतो. पण नक्कल अस्सल म्हणून गळ्यात मारली, तर ती लबाडी!

मग ओळखायचे कसे? आम्ही सांगतो, पदक आडवे धरा आणि कड वाचा. १८८० पासून पॅरिसची टांकसाळ कडेवर फळाफुलांनी भरलेल्या शिंगाची खूण करते. शेजारी धातूचे नाव असते. चांदीला फ्रेंच शब्द आहे ‘आर्जां’. ही खूण दिसली की समजावे, हे पदक १७८३ चे नव्हे. अमेरिकेत तर १९७३ च्या कायद्याने खासगी नकलेवर ‘कॉपी’ हा शब्द घालावाच लागतो.

चांदीचीही पारख करावी. लोहचुंबकाला पदक चिकटले तर ते चांदीचे नाही. पण चिकटले नाही, एवढ्यावर भुलू नका. पितळही चिकटत नाही. चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड, पितळ साडेआठ पटीच्या आसपास. म्हणून सराफाकडून वजन व कस पाहून घ्यावा आणि पावतीवर ‘नक्कल’ असे लिहून घ्यावे.

विकणारा गोड बोलेल. त्याचे ऐका, पण विश्वास अक्षरांवर ठेवा. वाचता येणाऱ्याला फसवणे अवघड असते.

प्रश्न
१. नाणे व स्मृतिपदक यांत फरक काय?
२. दोन साप कशाची खूण आहेत?
३. पदकाची कड का वाचावी?