मिलिमीटरात एक कोटी

क्ष-किरणांचा प्रयोग पहिल्याच सत्रात आलाय म्हणालीस, म्हणून आधीच कानात घालून ठेवते. टेन रेज टू मायनस अमुकतमुक असा तक्ता पाठ करतेस ना, तो कर. पण डोक्यात आपलं लाख-कोटीचं माप ठेव. एका मिलिमीटरात एक कोटी अँगस्ट्रॉम. एवढं पक्कं असलं की बाकीचं आपोआप येतं: सेंटिमीटरात दहा कोटी, मीटरमध्ये हजार कोटी. दहा अँगस्ट्रॉमचा एक नॅनोमीटर, म्हणून मिलिमीटरात नॅनोमीटर दहा लाख. आणि ही काही गावठी युक्ती नाही हो. स्वीडनच्या अँगस्ट्रॉमने १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटाचा नकाशा छापला, तेव्हा त्यानेही तरंगलांबी मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागातच मोजली होती.

गुणायचं की भागायचं, यावर अडलीस तर रुपयांचे पैसे करून बघ. एकक लहान झालं की आकडा फुगतो.

आता गंमत अशी की प्रत्येकाची भाषा वेगळी. रसायनाच्या पुस्तकात पिकोमीटर, प्रकाशवाल्यांकडे नॅनोमीटर, स्फटिकवाल्यांकडे अँगस्ट्रॉम. हिऱ्यातल्या दोन कार्बनमधलं अंतर १५४ पिकोमीटर, ०.१५४ नॅनोमीटर किंवा १.५४ अँगस्ट्रॉम; तिन्ही एकच. अँगस्ट्रॉम हे एसआय एकक नाही म्हणून काहीजण नाकं मुरडतात. मला विचारशील तर खुशाल वापर. शेजारच्या अणूंमधली अंतरं त्यात बहुधा एक ते तीनच्या घरात येतात, त्यामुळे उत्तर चुकलं तर बघताक्षणी कळतं. बंधाची लांबी १५ अँगस्ट्रॉम आली? पेन खाली ठेव आणि दशांशचिन्ह शोध. तुमच्या यंत्रातल्या तांब्याच्या के-अल्फा किरणांची तरंगलांबीही १.५४ अँगस्ट्रॉमच आहे. तो निव्वळ योगायोग, त्यात अर्थ शोधत बसू नकोस.

खरा खड्डा आहे तो घनफळात. लांबी बदलताना मुलं चुकत नाहीत, पण घन केल्यावर घातांकाची तिप्पट करायला विसरतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे १० चा उणे ८ वा घात सेंटिमीटर. एक घन अँगस्ट्रॉम म्हणजे उणे २४ वा घात घन सेंटिमीटर. आता ॲव्होगाड्रोचा आकडा आठव, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. दोघांना भेटव, सगळे घात विरघळतात आणि हातात उरतो ०.६०२२. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

मिठाची घनताच काढून बघ. युनिट सेलची बाजू ५.६४ अँगस्ट्रॉम, तिचा घन १७९.४. आत सोडियम-क्लोरीनच्या चार जोड्या, प्रत्येकीचं वस्तुमान ५८.४४, म्हणून वर २३३.७६. खाली १७९.४ गुणिले ०.६०२२, म्हणजे १०८. घनता आली २.१६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. कॅल्क्युलेटरवर एकही घात दाबावा लागला नाही. पिकोमीटर दिले असतील तर घन करण्याआधी शंभराने भाग. आधी घन करून मग शंभराने भागलंस, तर उत्तर दहा हजार पटींनी कोसळेल. मिठाचा खडा पाण्यात बुडतो एवढं आठवलं तरी चूक सापडेल.

घात दाबायची वेळ आलीच तर ईएक्सपीच्या बटणाआधी १० लिहू नकोस, १ लिही. दहाचा गुणाकार त्या बटणातच असतो.

ऊर्जेसाठी १२४० लक्षात ठेव. त्याला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते. सोडियमचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटर, ऊर्जा २.१. जुन्या जर्नलमध्ये हीच रेषा ५८९० अँगस्ट्रॉम लिहिलेली सापडेल. तेव्हा १२४० च्या जागी १२४०० घे. नाहीतर ०.२१ येईल, आणि तो प्रकाश डोळ्यांना दिसायचाच नाही.

अणुकेंद्रकापाशी पोचलीस की मात्र अँगस्ट्रॉम बाजूला ठेव. तिथे फर्मी चालतो, एका अँगस्ट्रॉममध्ये एक लाख. सोन्याच्या केंद्रकाची त्रिज्या साधारण सात फर्मी.

आणि प्रयोगाच्या जर्नलमध्ये एकक प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर लिही, ‘ए’वरचं ते इवलं वर्तुळ काढून. ते राहिलं तर परीक्षक अँपिअर समजून गुण कापतील.