कपाट, कुलूप आणि लेखणी

इतिहासाची साधने म्हणून आपण शिलालेख, ताम्रपट आणि कागदपत्रे वाचतो. घरातील लाकडी सामानही तितक्याच बारकाईने वाचावे लागते. त्याचा एक नमुना म्हणून अठराव्या शतकातील ‘ब्यूरो बुककेस’ पाहू.

या कपाटाचे तीन भाग असतात. खाली मोठे खण. मध्ये तिरपी फळी. ती बिजागरीवर पुढे उघडली की लिहिण्याचे मेज तयार होते आणि आत दौत, पत्रे, हिशेब यांचे लहान कप्पे दिसतात. वर पुस्तकांच्या फळ्या आणि त्यांना काचेची दारे. बहुधा प्रत्येक भागाला कुलूप असे. लंडनच्या थॉमस चिपेंडेल यांनी १७५४ मध्ये अशा सामानाच्या आराखड्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील घाट अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींतही पोहोचले.

उत्तम कपाटे महोगनीची असत. १७२१ मध्ये ब्रिटिश संसदेने अमेरिकेतील वसाहतींच्या लाकडावरील जकात उठवली आणि जमैकासारख्या बेटांवरून महोगनीचा ओघ सुरू झाला. ते वृक्ष तोडणारे हात मुख्यतः आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे होते.

आता दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन हे बंदर पाहू. येथेही अशी कपाटे बनत. थॉमस एल्फ या तेथील कारागिराची १७६८ ते १७७५ या काळातील हिशेबवही उपलब्ध आहे. त्याच्या कारखान्यात गुलाम कारागीर काम करीत. त्याच वसाहतीत १७३९ मध्ये गुलामांचा उठाव झाला होता आणि १७४० मध्ये कायदा आला: गुलामास लिहिण्यास शिकविणाऱ्याला शंभर पौंड दंड. वाचनावरची बंदी पुढे १८३४ मध्ये आली. आधी लेखणीच हिरावली गेली. कारण उघड आहे. गुलामाला बाहेर पडण्यासाठी मालकाची चिठ्ठी लागे. ज्याला लिहिता येईल, तो स्वतःची चिठ्ठी स्वतःच लिहील!

ज्या हातांनी लिहिण्याच्या मेजावर रंधा फिरविला, त्या हातांत लेखणी देणे हा गुन्हा होता. हे आपल्याला परके वाटत नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला, तो ही नाळ ओळखूनच.

अशी कपाटे आज संग्रहालयांत आहेत. पाहणारे लाकडाची झळाळी वाखाणतात. आपण मात्र विचारावे: हे कोणी घडविले, आणि किल्ली कोणाकडे होती?

हा प्रश्न आम्हां शिक्षकांनाही लागू आहे. पुस्तके हरवतील, फाटतील या भीतीने आम्हीही वर्षानुवर्षे ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली खिशात जपली. मुले काचेतून पुस्तकांची नावे वाचत राहिली. फाटलेले पुस्तक पुन्हा बांधता येते; न उघडलेल्या पुस्तकाची भरपाई होत नाही. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश पाळायचा, तर ती किल्ली मुलांच्याच हाती द्यावी लागेल.