स्टॅट्सचं एवढं टेन्शन घेऊ नकोस गं

अगं, सगळ्या टेबलांचे स्टॅट्स रोज रात्री घ्यायचा तो बेत आधी गुंडाळून ठेव बघ. रिपोर्ट रखडला, वरून फोनावर फोन आले, म्हणून तुला तसं वाटणं साहजिक आहे. पण ओरॅकल हे काम आपणहून करतं. तुम्ही काही बदललं नसेल तर आठवड्याच्या दिवशी रात्री १० पासून ४ तास आणि शनिवार-रविवारी सकाळी ६ पासून २० तास, ही त्याची ठरलेली वेळ. ज्या टेबलात १० टक्क्यांहून जास्त फेरफार झालेत, त्यांचेच आकडे ते नव्याने घेतं. बहुतेक टेबलांना तेवढं पुरतं.

खरं सांगू का, छळतात ती मोजकीच. तुझं ते स्टेजिंगचं टेबल घे. रात्री १० ला रिकामं, २ वाजता त्यात वीस लाख रेकॉर्ड, पहाटे पुन्हा ट्रंकेट! ओरॅकलचा रात्रीचा जॉब आला तेव्हा टेबलात काहीच नव्हतं, म्हणून त्याने शून्य मांडून ठेवलं. क्वेरीचा प्लॅन ठरवणारा ऑप्टिमायझर तेच खरं धरतो. घरच्या चौघांपुरता भात लावावा आणि दारात वरात उभी राहावी, तशी गत. मग नेस्टेड लूप धरून एकेका रेकॉर्डसाठी दुसऱ्या टेबलात चकरा मारत बसतो, जिथे हॅश जॉइनने काम कधीच उरकलं असतं.

अशा टेबलाचा लोड संपला, की त्याच स्क्रिप्टमध्ये लगेच गॅदर_टेबल_स्टॅट्स चालव. मात्र एक जप हं: ती ओळ चालली की आधीचं सगळं कमिट होतं. लोड अर्धवट असताना ती मध्येच घालशील, तर नंतर रोलबॅक करायला काही उरणार नाही. रोजचा लोड साधारण सारखाच असेल, तर टेबल भरलेलं असताना एकदाच आकडे घे आणि लॉक_टेबल_स्टॅट्सने कुलूप घाल. रात्रीचा जॉब मग त्याला हात लावत नाही.

मोठ्या टेबलांचं दुखणं वेगळं. दहा कोटींच्या टेबलात कोटीभर फेरफार होईपर्यंत ते शिळं ठरतच नाही. तू महिनाअखेरीला आजची तारीख विचारतेस आणि ऑप्टिमायझरला ठाऊक असलेली शेवटची तारीख असते पंधरवड्यापूर्वीची. त्याला वाटतं, आजचे रेकॉर्ड असून असून किती असणार! सेट_टेबल_प्रेफ्सने त्या एकाच टेबलाचा स्टेल_पर्सेंट १० वरून १ वर आण. सॅम्पल किती घ्यायचं ते मात्र ऑटो_सॅम्पल_साइझवरच सोड, कुणी कितीही ठासून दुसरा आकडा सांगितला तरी.

आणि नव्या आकड्यांनी चांगला चाललेला प्लॅन बिघडला तर, ही धास्ती ना? जुने आकडे ३१ दिवस जपून ठेवलेले असतात, रिस्टोअर_टेबल_स्टॅट्सने कालचे परत आणता येतात. फारच नाजूक टेबल असेल तर त्याचं पब्लिश फॉल्स करून ठेव. म्हणजे नवे आकडे बाजूला राहतात, तू फक्त तुझ्या सेशनमध्ये ते वापरून रिपोर्ट चालवून बघ आणि मनासारखं झालं की मग प्रकाशित कर.

आज एवढंच कर: रखडलेल्या रिपोर्टमधली टेबलं वहीत लिही आणि प्रत्येकासमोर डीबीए_टॅब_स्टॅटिस्टिक्समधली लास्ट_अ‍ॅनलाइझ्ड तारीख आणि नम_रोज मांड. नम_रोज आणि खरी संख्या यांत जिथे जमीन-अस्मानाचं अंतर दिसेल, त्या टेबलापासून सुरुवात कर.